कोयंड्याचे स्क्रू अर्धा इंची आहेत, हे गिऱ्हाइकाला सांगायचं का?

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

बार्शीच्या एका वायरमन मित्रानं व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवलाय. तो म्हणतो, “दादा, परवा एका बंगल्यात पंखे बसवायला गेलो होतो. मागच्या दाराशेजारच्या खिडकीचा एक गज निघालेला. तिथून हात घातला की दाराची कडी सरकते. मालक तिथंच पेपर वाचत बसले होते. मी काही बोललो नाही, पैसे घेतले आणि आलो. आता सारखं मनात येतंय. सांगायला पाहिजे का? आणि सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात तिथं चोरी झाली, तर?”

हे शेवटचं ‘तर?’ आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या पोटात असतं. वायरमन, प्लंबर, सुतार, फॅब्रिकेशनवाले, कॅमेरे लावणारे, कुणीही असो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, उगाच शेवटपर्यंत ताटकळायला नको. सांगायचं. राहून गेलं असेल तर फोन करून सांगायचं. पण कुणाला, कुठं उभं राहून, कुठल्या शब्दांत, हे जमलं नाही तर सांगणाऱ्याचीच पंचाईत होते. म्हणून आजचा भाग.

आधी हे बघा, की आपल्याला किती दिसतं. पाहुणा हॉलमध्ये बसून चहा पिऊन जातो. आपण माळ्यावर चढतो, संडासाच्या डक्टमध्ये डोकं घालतो, मीटरची पेटी उघडतो. मीटरच्या पेटीत घराची चावी ठेवलेली किती वेळा सापडली, ते मोजणं मी सोडून दिलंय. डक्टकडच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या नुसत्या सरकवून निघतात. स्लायडिंग खिडकीचा पल्ला वर उचलला की ट्रॅकमधून बाहेर येतो, कारण बसवणाऱ्यानं वरचा अडथळा लावलेलाच नसतो. घरमालक त्या खिडकीत दहा वर्षं उभा राहून पाऊस बघतो आणि त्याला हे माहीत नसतं. आपल्याला पडद्याचा रॉड लावताना पाच मिनिटांत कळतं.

आणि दार. पेपरातली घरफोडीची बातमी आठवा. ‘बंद फ्लॅटचा कडीकोयंडा उचकटून चोरट्यांनी प्रवेश केला.’ वर्षानुवर्षं तेच वाक्य. बातमीदार आळशी आहे असं वाटतं, पण तसं नाहीये. खरंच तसंच होतं. कुलूप फोडत कोण बसतंय? कुलूप चांगलं नवताल असतं, पण ते ज्याला अडकवलंय तो अल्ड्रॉप अर्ध्या इंची स्क्रूवर फ्लश डोअरला टेकलेला असतो. जरा जोर लावला की स्क्रू लाकडाचा भुसा घेऊन बाहेर. गोदरेजांनी मुंबईत कुलपं बनवायला १८९७ साली सुरुवात केली. सव्वाशे वर्षं कुलूप सुधारतंय आणि आपला कोयंडा आहे तिथंच आहे. दुरुस्ती काय? लांब स्क्रू, नाहीतर आरपार बोल्ट आणि आतून पट्टी. दुकानात जाऊन आणायला जेवढा वेळ लागेल तेवढाच.

आता इतकी स्वस्त दुरुस्ती असताना आपण बोलत का नाही? कारण संशय. चोरी झाली की पोलिस विचारणारच, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत घरात कामाला कोण कोण येऊन गेलं. मग मालकाला आठवतं, “तो वायरमन म्हणाला होता की मागचं दार कच्चं आहे.” झालं. मदत करायला गेलेल्याचं नाव वहीत.

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण जरा नीट हिशेब करा. त्या यादीत तुमचं नाव तुम्ही बोललात तरी येणार आणि गप्प बसलात तरी येणार, कारण कामाला तर तुम्ही गेला होता. गप्प बसल्यानं नाव कमी होत नाही. उलट सांगितलं आणि मालकानं गज बसवून घेतला, तर चोरी त्या वाटेनं होण्याची शक्यताच कमी. आणि सांगितल्याची कुठंतरी नोंद असली तर तुमच्या बाजूनं एक कागद आहे.

कागदाचं थोडं सविस्तर सांगतो. मी बिलावर खाली एक ओळ लिहितो: ‘मागील बाजूच्या दुरुस्तीबद्दल मालकांना तोंडी सांगितले.’ बस. कुठला गज, कुठली कडी, काही नाही. बिलबुकाची प्रत आपल्या दुकानात पडून राहते, पोऱ्या हाताळतो, हिशेबवाला बघतो. सगळा तपशील तिथं लिहिला तर आपणच चोराला नकाशा काढून दिल्यासारखं होईल. फोटोचंही तेच. गिऱ्हाइकाच्या तुटक्या ग्रिलचा फोटो काढून ‘असं काम नका करू भावांनो’ म्हणून ग्रुपवर टाकणारे आपल्यात आहेत. मागं सोसायटीचं नाव दिसतंय, मजला कळतोय. हे अजिबात नको.

सांगावं की नाही हा वाद जुना आहे. १८५१ साली लंडनमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथं अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला. तेव्हा इंग्लंडात चब यांचं ‘डिटेक्टर’ कुलूप फार नावाजलेलं. कुणी भलतंच काही घालून फिरवलं तर ते अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं. हॉब्जनं ते साक्षीदारांसमोर पंचवीसेक मिनिटांत उघडलं. मग ब्रामा यांचं कुलूप. त्यांच्या पिकॅडिलीतल्या दुकानाच्या काचेत कित्येक दशकं एक कुलूप ठेवलेलं होतं, सोबत पाटी, की जो हे उघडेल त्याला २०० गिनी. हॉब्जला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण उघडलं. लोक हादरले. आता चोरांना रान मोकळं झालं, हा माणूस जाहीरपणे असलं करतोच कशाला, अशी ओरड झाली. १८५३ साली हॉब्जच्या माहितीवरून कुलपांवर एक पुस्तक निघालं, त्यातही हा प्रश्न घेतलाय, आणि कल उघड बोलण्याकडं आहे.

मला पटतं ते. ज्याचं पोट कुलूप उघडण्यावर चालतं त्याला आपण काय शिकवणार? अंधारात असतो तो विकत घेणारा.

पण हॉब्ज काही संत नव्हता बरं का. तो न्यूयॉर्कच्या डे अँड न्यूवेल या कुलूपवाल्या कंपनीचा माणूस. इंग्रजांची कुलपं कच्ची ठरली की यांचं कुलूप खपणार! आणि गंमत म्हणजे पुढं काही वर्षांतच यांचंही भारी कुलूप लायनस येल ज्युनिअरनं उघडून दाखवलं. पण म्हणून हॉब्जनं दाखवलेला दोष खोटा ठरत नाही. सांगणाऱ्याचा फायदा असू शकतो आणि तरी तो खरं बोलत असू शकतो.

दुसरी गोष्ट अलीकडची. २००३ साली अमेरिकेत मॅट ब्लेझ या संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकानं मास्टर चावीबद्दल लिहिलं. ज्या इमारतीत प्रत्येक खोलीची चावी वेगळी आणि सगळीकडं चालणारी एक मास्टर, तिथं एका खोलीची साधी चावी आणि थोड्या कोऱ्या चाव्या हातात असल्या तर मास्टर शोधून काढता येते. चावीवाले चिडले. त्यांच्यातल्या कित्येकांचं म्हणणं, हे आम्हाला ठाऊकच होतं, बाहेर का बोललास? ऐका हे. धंद्याला माहीत, आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला माहीत नाही.

फक्त एक फरक लक्षात ठेवा. हॉब्ज आणि ब्लेझ मालाबद्दल बोलले, हजारो ठिकाणी बसवलेल्या कुलपांबद्दल. ते जगाला सांगायलाच हवं होतं. तुमच्या-माझ्यासमोर असतं एका माणसाचं एक घर. त्याचा दोष फक्त त्याला सांगायचा. शेजाऱ्याला नाही, वॉचमनला नाही, चहाच्या टपरीवर तर मुळीच नाही.

आता कसं सांगायचं. इथं आपल्यातल्याच काही जणांनी रस्ता खराब करून ठेवलाय. “साहेब, हे दार दोन मिनिटांत उघडतं बरं का. हल्ली काय काय चाललंय…” आणि लगेच पिशवीतून कॅटलॉग बाहेर. चौदा हजारांचं डिजिटल लॉक. अशानं गिऱ्हाईक दुसऱ्या वेळी खरं ऐकायलाही तयार होत नाही, आणि त्याचं चूक नाही. मी एक पथ्य पाळतो. ज्या दिवशी दोष सांगितला त्या दिवशी त्या कामाचा भाव सांगत नाही. विचारलं तरी म्हणतो, कुठल्याही सुताराकडून करून घ्या, लांब स्क्रू लागतील, अर्ध्या तासाचं काम आहे. काम मलाच मिळालं तर मिळालं.

दुसरं म्हणजे उपाय सांगायचा, वाट सांगायची नाही. “इथून हात घातला की कडी निघते” हे वाक्य ऐकणाऱ्याच्या डोक्यात तुमचा हात दिसतो. “काका, या खिडकीचा एक गज बसवून घ्या, दार जवळ आहे” यात फक्त गज दिसतो. माहिती तीच. समोरच्याला समजतं. त्यानं खोदून विचारलं तर सांगा, मालक आहे तो, त्याचा हक्क आहे. पण सुरुवात उपायापासून.

हे सगळ्यात जास्त लागू कुठं होतं? बाई एकटी राहत असेल तिथं. नोकरीसाठी शहरात आलेली मुलगी असेल, नाहीतर मुलं परदेशात असलेल्या आजी. तुम्ही अनोळखी पुरुष, तिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभे, आणि म्हणता, “ताई, तुमची ही खिडकी बाहेरून उघडते.” तुमच्या मनात काळजी असेल. तिच्या कानात ते वेगळंच पडतं. ती रात्री झोपणार नाही, आणि तिला भीती चोराची नसेल, तुमची असेल. म्हणून मग सांगायचंच नाही का? नाही, उलट तिथं सांगणं जास्त गरजेचं आहे. फक्त काम संपल्यावर, पैसे घेऊन झाल्यावर, दाराबाहेर चपला घालून उभं राहून, दार उघडं असताना सांगा. “ताई, स्वयंपाकघरातल्या खिडकीला वरून स्टॉपर लावून घ्या, अ‍ॅल्युमिनियमवाला लावून देईल.” आणि निघा. तिथं रेंगाळू नका, मी लावून देऊ का म्हणू नका. आमच्या दुकानात हिशेब बघणाऱ्या ताई आहेत, कधी कधी मी त्यांनाच फोन करायला लावतो. बाईनं बाईला सांगितलेलं सरळ पोचतं.

भाडेकरू असला की वेगळाच घोळ. झोपतो तो तिथं, पण दाराला ड्रिल मारायची परवानगी घरमालकाची. दोघांनाही सांगा, आधी भाडेकरूला. घरमालक म्हणतो, “त्याला कशाला सांगितलं, आता मागं लागेल.” लागू दे की! सामान त्याचं जाणार आहे.

सोसायटीचं सांगतो. नाव घेत नाही. गच्चीवर टाकीच्या पंपाचं काम होतं. तिथं एक लोखंडी शिडी कायमची उघडी पडलेली आणि तिच्यावरून वरच्या मजल्याच्या बाल्कनीत सहज पाय टेकतो. मी अध्यक्षांना बाजूला घेऊन सांगितलं, शिडीला साखळी-कुलूप लावा. त्यांनी ते कमिटीच्या बैठकीत माझ्या देखत काढलं आणि एक सभासद म्हणाले, “तुम्ही तिकडं कशाला बघत होता?” मी म्हटलं, “काका, पंपाची वायर तिकडूनच जाते.” हसले सगळे. पण पुढचे तीन महिने गेटवर माझ्या पिशवीची दोनदा झडती व्हायची. शिडी मात्र पावसाळा संपेपर्यंत तशीच होती.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाहीये. ऐकणाऱ्यांत गिऱ्हाईकही असतात, त्यांच्यासाठी सांगतोय. गेटवर आमचा फोटो काढता, आधारची प्रत घेता, कामगारांसाठी वेगळी लिफ्ट ठेवता. ठीक आहे, तुमची इमारत, तुमचे नियम. पण मग ज्याला तुम्ही धोका समजून आत घेता त्यानंच धोका दाखवावा अशी अपेक्षा असेल, तर त्याला दाखवता येईल इतकी जागा ठेवा. काम संपल्यावर स्वतःहून विचारा, “आणखी काही दिसलं का?” तुम्ही विचारलंत की आमचं सांगणं हे चोंबडेपण राहत नाही, कामाचा भाग होतं. त्यानं सांगितलं तर “तुला कसं कळलं?” हा प्रश्न गिळा. त्याला कळतं, कारण तेच त्याचं काम आहे.

आता आमच्या कॅमेरेवाल्यांकडं येतो, कारण इथं ‘दिसणं’ आणि ‘करून बघणं’ यातली रेघ फार बारीक आहे. कडी हलते हे डोळ्यांना दिसतं. डीव्हीआरचा पासवर्ड कंपनीतून आलेलाच ठेवलाय का, हे कळायला तो टाकून बघावा लागतो. तो टाकायचा नाही. मालकानं हातात दिलेल्या यंत्रावर, मालकासमोर, कामाचा भाग म्हणून असेल तरच. पंखा लावायला गेलात आणि सहज म्हणून त्यांच्या वायफायच्या राऊटरमध्ये डोकावलात, तर आपल्या आयटी कायद्याचं कलम ४३ आहे, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरण्याबद्दल. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या इराद्यानं केलं असं ठरलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचा इरादा चांगला होता हे तुम्हाला माहीत. ते ठाण्यात पटवून देत बसायचं का? त्यापेक्षा विचारा, “साहेब, हा पासवर्ड बसवल्यानंतर कधी बदललाय का?” ते डोकं खाजवतात. त्यातच उत्तर मिळतं.

आणि याला क्षुल्लक समजू नका. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरससारख्या प्रोग्रॅमनं जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर, राऊटर ताब्यात घेतले. त्याच्याकडं फार मोठी विद्या नव्हती. कंपनीतून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती. त्या ऑक्टोबरमध्ये याच फौजेनं डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास बंद पडल्या. म्हणजे कुणाच्या तरी किराणा दुकानातला कॅमेराही त्या हल्ल्यात सामील असू शकतो, आणि मालकाला पत्ताच नाही. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटचं प्रकरण आलं. प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतलं बायकांचं चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर. तपासाच्या बातम्यांत आलं, पासवर्ड होता ‘अ‍ॅडमिन १२३’. तिथं काम कुणी केलं त्याबद्दल मी बोलत नाही. पण तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावा असं मला कुणी सांगितलं तर मी नाही म्हणेन, आणि का ते त्या डॉक्टरांना तोंडावर सांगेन. तिथला दोष पासवर्डच्या आधी सुरू होतो.

मग आपल्याच धंद्याचं काय? एक ठरलेला पासवर्ड सगळ्या गिऱ्हाइकांकडं ठेवायचा, म्हणजे सर्व्हिसला गेल्यावर आठवत बसायला नको, अशी पद्धत सर्रास आहे. दुकानाचं नाव आणि पुढं १२३. कॅमेऱ्याचं अ‍ॅपही आपल्याच मोबाईल नंबरवर नोंदवलेलं, मालकाला फक्त बघायची सोय. दोन वर्षांनी पोऱ्या काम सोडून दुसऱ्या दुकानात जातो, आणि पन्नास घरांच्या चाव्या त्याच्या डोक्यात. दुसऱ्याच्या कोयंड्याबद्दल बोलायच्या आधी हे गिऱ्हाइकाला सांगायला लागतं: “तुमच्या कॅमेऱ्यात आम्हीही शिरू शकतो, ते बंद करून घ्या.” हे वाक्य म्हणणारे कॅमेरेवाले मला फार भेटलेले नाहीत.

करायला सोपं आहे. काम संपताना फोन मालकाच्या हातात द्या, खातं त्यांच्या नंबरवर काढा, पासवर्ड त्यांना टाकू द्या आणि तेवढा वेळ भिंतीकडं बघत उभे राहा. विसरले तर? विसरतातच. मग परत जाऊन रीसेट करायचं, व्हिजिटचे पैसे घ्यायचे. जुनी गिऱ्हाइकं असतील तर रोज दोघांना फोन करा, दिवाळीपर्यंत यादी संपेल.

चावीवाल्यांपैकी कुणी ऐकत असाल तर तुमच्याकडून मला एक हवंय. साबणावर चावीचा ठसा घेऊन कुणी अनोळखी माणूस आला तर तुम्ही काय करता? परत पाठवता, वहीत नाव लिहिता, की करून देता? आवाजी निरोप पाठवा, नाव नको असेल तर तसं सांगा, आवाज न वापरता नुसता मजकूर घेईन. त्यावर वेगळा भाग करू. पुढच्या बुधवारी मात्र पावसाळ्याआधीचं अर्थिंग. भेटू.